‘इंजिन थंड होऊ द्या’ : एका सूचनेचा अर्थविचार

यंत्रासोबत येणाऱ्या सूचना हा भाषाभ्यासकांनी आजवर काहीसा उपेक्षिलेला वाङ्मयप्रकार आहे. त्यात अलंकार नसतात आणि कर्त्याचे नावही नसते. पण या प्रकाराचे एक वैशिष्ट्य असे की, येथे वाक्याचा अर्थ चुकला तर त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती बहुधा वाक्य लिहिणाऱ्याला नव्हे, तर वाचणाऱ्याला मोजावी लागते. टर्बोचार्जर बसविलेल्या डिझेल ट्रकच्या चालकास दिली जाणारी एक साधी सूचना या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. ती साधारणतः अशी असते : ‘इंजिन बंद करण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटे थंड होऊ द्या.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, शास्त्रदृष्ट्याही खरे आहे. असे असूनही त्याचा नेमका उलटा अर्थ प्रामाणिकपणे घेता येतो. तो का घेता येतो हे समजण्यासाठी प्रथम यंत्राची आणि मग भाषेची रचना पाहावी लागेल.

१. टर्बोचार्जर म्हणजे काय

इंजिनात जळलेल्या इंधनातील उष्णतेचा मोठा वाटा धुरावाटे बाहेर फेकला जातो. या वाया जाणाऱ्या शक्तीचा उपयोग करून घेण्याची कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने मांडली व १९०५ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९२०च्या दशकात ती जहाजांच्या डिझेल इंजिनांत यशस्वी झाली आणि १९३८ साली स्वित्झर्लंडमधील साउरर या कारखान्याने ती ट्रकच्या इंजिनात आणली. आपल्याकडे धुराच्या प्रदूषणावरील निर्बंध २०००पासून टप्प्याटप्प्याने कडक होत गेले आणि टर्बोचार्जर हा मालवाहू डिझेल गाड्यांचा नित्याचा भाग बनला. चालकांच्या व मिस्त्रींच्या बोलीत त्याचे नाव नुसते ‘टर्बो’ असे आहे.

त्याची रचना थोडक्यात अशी. एका लहानशा दांड्याच्या दोन टोकांना पात्यांची दोन चाके असतात. एका चाकावर इंजिनातून निघणारा तप्त धूर आदळतो व ते फिरते. त्यायोगे दुसरे चाक फिरते आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. सहा लिटर क्षमतेचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी चालत असता स्वतःच्या बळावर मिनिटाला फार तर सहा हजार लिटर हवा ओढील. टर्बोमुळे तेवढ्याच जागेत जवळजवळ दुप्पट वजनाची हवा कोंबता येते, आणि हवा अधिक असली की इंधनही अधिक जाळता येते. लहान इंजिन मोठा भार ओढते ते यामुळे.

यासाठी त्या दांड्याला अचाट वेगाने फिरावे लागते. ट्रकच्या टर्बोत हा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांच्या घरात जातो, म्हणजे सेकंदाला सोळाशेहून अधिक फेऱ्या. एवढ्या वेगात धातूवर धातू टेकून चालणार नाही. म्हणून दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. या थराची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी असते. हे तेल इंजिनाच्याच पंपाकडून दाबाने येते आणि दोन कामे करते : दांड्याला आधार देते आणि धुराकडील चाकातून दांड्यात चढणारी उष्णता वाहून नेते. भाराखाली त्या चाकावर येणाऱ्या धुराचे तापमान सहाशे ते सातशे अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. एवढ्या धगीच्या शेजारी बोटभर अंतरावर तेल शाबूत राहते, ते केवळ वाहते असल्यामुळे.

२. घाट चढून आल्यावर

आता बोरघाटाचे उदाहरण घेऊ. न्हावा-शेवा बंदरातून माल भरून निघालेला एक ट्रक जुन्या महामार्गाने पुण्याकडे चालला आहे. खोपोली सोडल्यावर खंडाळ्यापर्यंतच्या थोडक्या अंतरात त्याला सुमारे पाचशे मीटरांची उंची चढावयाची असते. चढ चालू असेतो इंजिन पुऱ्या भाराने काम करीत असते, धूर अत्यंत तप्त असतो, टर्बोचे लोखंडी आवरण भट्टीसारखे तापलेले असते. घाटमाथ्यावर येताच चालकास चहाची टपरी दिसते. तो गाडी बाजूला घेतो आणि किल्ली फिरवतो.

त्या क्षणी तीन गोष्टी एकदम घडतात. तेलाचा पंप थांबतो. दांड्याभोवतीचा प्रवाह खुंटतो. पाण्याचा पंप थांबतो. इंजिनाच्या डोक्यातील गरम जागी साचलेले पाणी जागच्या जागी उकळू लागते. आणि टर्बोतून वाहणारा वारा थांबतो. म्हणजे आवरणाची उष्णता बाहेर नेणारे साधनच नाहीसे होते. ही उष्णता मग जिकडे थंडावा असेल तिकडे जाते, म्हणजेच दांड्यातून त्याच्या आधाराकडे. परिणामी, इंजिन बंद केल्यानंतर काही मिनिटे त्या आधाराचे तापमान कमी होण्याऐवजी वाढत जाते. चुलीतला जाळ ओढून घेतला तरी तव्यावरची शेवटची भाकरी करपते, त्यातलाच हा प्रकार आहे.

तेथे अडकलेले थोडेसे तेल ही उष्णता सोसू शकत नाही. खनिज तेल साधारण अडीचशे ते तीनशे अंशांच्या पुढे विघटन पावू लागते व मागे कठीण काळा थर राहतो. हा थर दांड्यावर, त्याच्या आधारावर आणि तेलाच्या बारीक वाटांत बसतो. एका वेळच्या चुकीने काही बिघडत नाही. तीच चूक महिनोन्महिने रोज घडली म्हणजे वाटा अरुंद होतात, तेल कमी पोचते, दांडा डळमळू लागतो आणि एखाद्या दिवशी भर चढावर पाती आवरणाला घासतात. शिटीसारखा आवाज, निळसर धूर आणि ओढ गेलेले इंजिन ही त्याची बाह्य लक्षणे होत.

३. चालू इंजिन थंड कसे होते

यावरील उपाय सोपा आहे. गाडी उभी करावी, पण इंजिन लगेच बंद करू नये. ते मंद गतीने तीन ते पाच मिनिटे चालू ठेवावे व मग बंद करावे. येथे सामान्य वाचकाच्या मनात एक शंका येते, आणि ती रास्त आहे : जे यंत्र जाळानेच चालते ते चालू ठेवून थंड कसे होईल?

याचे उत्तर डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. या इंजिनाची शक्ती हवा कमी करून नव्हे, तर इंधन कमी करून नियंत्रित केली जाते. मंद गतीत ते मिनिटाला सातशे फेऱ्यांच्या सुमारास चालते. वरील सहा लिटरचे इंजिन तेव्हाही मिनिटाला सुमारे दोन हजार लिटर हवा आत घेते, पण तिच्यात जळणारे इंधन अगदी थोडे असते. त्यामुळे बाहेर पडणारा धूर तुलनेने थंड, दीडशे-दोनशे अंशांच्या आसपासचा असतो. सहाशे अंशांना तापलेल्या आवरणाच्या दृष्टीने हा धूर म्हणजे वाराच. तोच टर्बोला थंड करतो. त्याच वेळी तेल व पाणी वाहत राहून आतली उष्णता बाहेर नेतात आणि दांड्याचा वेगही उतरतो. थोडक्यात, मंद गतीने चालणारे डिझेल इंजिन हे या प्रसंगी उष्णतेचे उगमस्थान कमी आणि शीतनाचे साधन अधिक असते.

यावरून आणखी काही गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. बंद करण्यापूर्वी पाय दाबून एकदा जोराने ‘रेस’ देण्याची जी सवय काही चालकांना असते, ती घातक आहे; तिच्यामुळे दांडा पुन्हा वेगात येतो व नेमक्या त्याच क्षणी त्याचे तेल तुटते. पाण्याचे तापमान दाखविणारा काटा येथे उपयोगी नाही. पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर स्थिर असताना धूर सहाशे अंशांवर असू शकतो. तसेच तीन मिनिटे हा काही मंत्र नव्हे. तोच ट्रक पुण्याहून उतरत खोपोलीस थांबला, तर उतारावर इंजिनात इंधन जवळजवळ जातच नसल्याने टर्बो वाटेतच थंड झालेला असतो. तेथे फार थांबण्याचे कारण उरत नाही. चढून आलेला ट्रक घाटमाथ्यावर न थांबता लोणावळ्याच्या गर्दीतून हळूहळू काही किलोमीटर गेला, तरी बरेचसे काम रस्त्यावरच झालेले असते. एकच गाडी, एकच घाट; परंतु जाण्याच्या दिशेवरून नियम बदलतो. कारण ठाऊक असेल तरच हा बदल चालकास स्वतःच्या बुद्धीने करता येतो.

खर्चाचाही हिशेब पाहावा. मोठ्या ट्रकचे इंजिन मंद गतीत तासाला दोन ते तीन लिटर डिझेल घेते असे धरले, तर तीन मिनिटांना शंभर ते दीडशे मिलिलिटर लागते. म्हणजे चहाच्या दोन पेल्यांइतके. याउलट इंजिन अर्धा-अर्धा तास निष्कारण मंद चालू ठेवणेही योग्य नाही. त्यात इंधन वाया जाते, ज्वलन अपुरे होते व काजळी साचते. आणि काही प्रसंगी हा नियम पूर्णपणे बाजूला ठेवावा लागतो : तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, पाणी वाहून गेले, इंधन गळू लागले किंवा आग दिसली, तर इंजिन तत्क्षणी बंद करणे हेच इष्ट होय.

४. वाक्य कोठे चुकते

आता मूळ सूचनेकडे वळू. असे समजू की एखाद्या चालकाने ती वाचली आणि मनापासून पाळली. घाट चढून आल्यावर त्याने किल्ली फिरवली, चहा घेतला, पाच मिनिटे इंजिन ‘थंड होऊ दिले’ आणि मग पुढे निघाला. वर्षभराने टर्बो निकामी झाला. मालकाने सूचनेवर बोट ठेवले व नुकसानाचा काही भाग चालकाच्या पगारातून कापला. चालक म्हणतो, ‘मी रोज पाच मिनिटे थंड करीत होतो.’ तो खोटे बोलत नाही. त्याने सूचना मोडली नाही. त्याने ती मराठीत वाचली, एवढेच.

मराठीत ‘थंड होऊ देणे’ या क्रियेच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे : उष्णतेचा उगम आधी दूर झालेला असतो. चहा थंड होऊ देतो तो ओतून घेतल्यावर; इस्त्री थंड होऊ देतो ती बटण बंद केल्यावर. चहा चुलीवर ठेवून ‘थंड होऊ दे’ असे कोणी म्हणत नाही. शिवाय ‘होऊ देणे’ ही रचना अनुज्ञादर्शक आहे; तीत करणाऱ्याने हात काढून घेणे, वस्तूला तिच्या वाटेवर सोडणे अभिप्रेत असते. चालकाच्या हाती इंजिनावरून हात काढून घेण्याचा मार्ग एकच, किल्ली फिरविणे. ‘बंद करण्यापूर्वी’ हे शब्द वाक्यात आहेत हे खरे. परंतु त्यांचा आणि ‘थंड होऊ द्या’ या शब्दांचा व्यवहारातील अर्थ परस्परविरोधी पडला, की वाचक नकळत एकाला सैल करतो. तो सैल करतो तो क्रम, क्रिया नव्हे. क्रिया त्याच्या रोजच्या अनुभवातली असते.

दुसरी अडचण ‘गाडी’ या शब्दाची. व्यवहारात हा एकच शब्द वाहन आणि इंजिन या दोहोंसाठी वापरला जातो. ‘गाडी थांबव’ म्हणजे चाके थांबव. ‘गाडी बंद कर’ म्हणजे इंजिन थांबव. ‘गाडी बंद पडली’ म्हणजे तिसरेच. त्यामुळे ‘पाच मिनिटे थांबून गाडी बंद करा’ या सुधारित सूचनेतही, कोण थांबावयाचे, वाहन, इंजिन की चालक, हे संदिग्धच राहते. त्यातच ‘गाडी तापली’ हा शब्दप्रयोग पाणी उकळण्याच्या दुखण्यासाठी रूढ आहे, आणि त्यावर बॉनेट उघडून स्वस्थ बसणे हा उपायही तितकाच रूढ आहे. ‘थंड करा’ असे वाचताच तो जुना उपाय आठवावा यात नवल नाही.

‘थंड’ऐवजी ‘निवणे’ हे क्रियापद योजावे असे कोणी सुचवील. हा शब्द सुंदर आहे. त्यात सावकाशीचा भाव आहे. परंतु दूधही निवते ते चुलीवरून उतरविल्यावरच. म्हणजे गृहीत येथेही कायम राहते. ‘शीतन’, ‘उपशमन’ यांसारखे संस्कृत शब्द हे गृहीत टाळतात, पण ते टाळताना वाचकही टाळतात. यावरून निष्कर्ष असा निघतो की, दोष शब्दाचा नसून वाक्याचा आहे. परिभाषा कितीही काटेकोर बनविली तरी ती येथे अपुरी पडेल. ज्या क्रियेत उष्णतेचा उगमच शीतनाचे साधन बनतो, तिच्यासाठी एकच क्रियापद शोधण्याऐवजी ती क्रिया उलगडून सांगणे प्राप्त आहे.

५. भाषेजवळ काय आहे

याचा अर्थ मराठी येथे दरिद्री आहे असा नव्हे. उपायाचे नाव फसवे असले तरी अपायाची नावे स्वयंपाकघरात तयार आहेत. आवरणातील उष्णता हळूहळू दांड्यात शिरते, तिला ‘मुरणे’ याहून नेमका शब्द नाही. लोणच्यात मीठ आणि जमिनीत पाणी याच गतीने, वरून काही न दिसता, आत जाते. तेल ‘करपते’. आणि करपलेल्या तेलाचा जो थर दांड्याला धरतो, ती तर दुधाच्या भांड्याच्या तळची खरवडच. ‘बंद केल्यावर उष्णता आत मुरते, तेल करपते आणि खरवड धरते’ हे वाक्य चालकाला, क्लीनरला आणि यंत्राचा गंध नसलेल्या त्यांच्या घरच्या माणसांनाही एकदाच सांगावे लागते. ‘कार्बनचे निक्षेपण होते’ हे वाक्य मात्र दरवेळी समजावून द्यावे लागेल.

याउलट गॅरेजच्या बोलीतील ‘टर्बो गेला’ हा प्रयोग पाहा. ‘जाणे’ ही अकर्मक क्रिया आहे. तीत कर्ता नाही, कारण नाही, काळाचा विस्तारही नाही. जे वर्षभर थोडेथोडे घडत होते, ते या वाक्यात एका क्षणात घडून जाते. कारण वाक्यातून नाहीसे झाले म्हणजे दोष कोणाच्या तरी माथी मारणे सोपे होते, आणि तो बहुधा गाडीत बसलेल्या माणसाच्या माथी येतो. ‘तेल करपून टर्बो गेला’ एवढे म्हटले, तरी पुढचा प्रश्न ‘तेल का करपले?’ असा होतो, आणि मग चर्चा माणसाकडून कारणाकडे वळते.

या सर्व विवेचनावरून सूचनेची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल :

‘चढ चढून किंवा भार ओढून आल्यावर गाडी उभी करा. इंजिन चालूच ठेवा. रेस देऊ नका. तीन ते पाच मिनिटांनी इंजिन बंद करा. लगेच बंद केल्यास टर्बोतील तेल करपते.’

येथे एका वाक्याची पाच वाक्ये झाली आहेत, हा दोष मानण्याचे कारण नाही. प्रत्येक वाक्यात एकच क्रिया आहे आणि वाक्यांचा क्रम हाच कामाचा क्रम आहे. ‘गाडी’ व ‘इंजिन’ हे शब्द वेगळे राखले असून त्यांची अदलाबदल होत नाही. ‘चालूच’मधील ‘च’ हा येथे पादपूरक नाही. वाचकाच्या मनातील विरुद्ध अपेक्षेला तो आधीच उत्तर देतो. ‘थंड’ हा शब्द मुळीच आलेला नाही. आणि शेवटच्या वाक्यात कारण आले आहे, ज्याच्या आधारे खोपोलीला थांबलेला चालक तीन मिनिटे वाचवू शकतो आणि घाटमाथ्यावर थांबलेला चालक ती खर्च करू शकतो.

अनुवादित तांत्रिक मजकुराची परीक्षा सामान्यतः दोन प्रश्नांनी केली जाते : मूळाशी तो प्रामाणिक आहे काय, आणि व्याकरणाने शुद्ध आहे काय. प्रस्तुत उदाहरणात दोन्ही उत्तरे होकारार्थी असूनही टर्बो निकामी होऊ शकतो. यास्तव तिसरा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते : हे वाक्य वाचून, ते पाळू इच्छिणारा माणूस प्रत्यक्षात हाताने काय करील? विद्यापीठांतील भाषाविभागांना हा प्रश्न विचारण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घाटमाथ्यावरील चहाच्या टपरीपाशी उभे राहून, येणाऱ्या ट्रकांची इंजिने केव्हा बंद होतात एवढे ऐकले तरी पुरे.